ताश्कंदला नुसतं उतरून पुढे पळायचं का?

पायपीट

उझबेकिस्तानातल्या समरकंद-बुखाऱ्याच्या सहलींची पत्रकं चाळली की राजधानी ताश्कंदच्या वाट्याला एकच ओळ आलेली दिसते: 'आगमन, धावतं शहरदर्शन, भारतीय जेवण, मुक्काम.' दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना आगगाडीत बसवून समरकंदला. निळे घुमट तिकडे आहेत हे खरंच, त्यामुळे टूरवाल्यांना बोल लावत नाही. पण या वसंतात मी ताश्कंदातच मुक्काम ठोकला, शहर पायी आणि मेट्रोने पालथं घातलं, आणि एका ओळीत उरकण्यासारखं हे गाव नाही असं ठाम मत घेऊन आलो. म्हणून हा धागा.

आधीच सांगतो, 'प्राचीन शहर' बघायला जाल तर हिरमोड होईल. २००९ साली शहराची २२०० वर्षं थाटात साजरी झाली, पण डोळ्यांना दिसतं ते बहुतेक सगळं गेल्या साठ वर्षांतलं. कारण २६ एप्रिल १९६६. पहाटे पाच वाजून गेले होते. भूकंपाची तीव्रता पाचच्या जराशी वर, म्हणजे आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही. पण केंद्र थेट शहराच्या पोटाखाली, तेही काही किलोमीटरच खोल. मातीच्या विटांची घरं जागच्या जागी बसली आणि तीन लाखांवर माणसं बेघर झाली. मग सोव्हिएत संघातल्या साऱ्या प्रजासत्ताकांनी माणसं आणि सामान धाडलं. एकेका प्रजासत्ताकाने एकेक वस्ती बांधायला घेतली आणि जुन्या गल्ल्यांच्या जागी रुंद रस्ते, कारंजी, झाडांच्या रांगा आल्या.

जिथे केंद्र होतं तिथे १९७६ साली उभारलेलं स्मारक आहे. काळ्या दगडाचा एक ठोकळा, त्याच्या एका अंगाला तारीख, दुसऱ्या अंगाला भूकंपाच्या वेळेवर थांबलेलं घड्याळ. ठोकळा मधोमध दुभंगलाय आणि ती भेग जमिनीवरून सरपटत पुढच्या पुतळ्यांपर्यंत जाते: बाई, तिच्या कडेवर मूल आणि दोघांना पाठीशी घालणारा पुरुष. नवी लग्न झालेली जोडपी तिथे फुलं ठेवायला, फोटो काढायला येतात. मी गेलो तेव्हा एक नवरी पांढरा झगा सावरत त्या भेगेवरून उडी मारत होती आणि फोटोवाला पुन्हा पुन्हा मारायला लावत होता.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते नवाई ऑपेरा थिएटर. वास्तुकार श्चुसेव, म्हणजे मॉस्कोतली लेनिनची समाधी ज्याने बांधली तोच. १९४७ साली पूर्ण झालं आणि त्याच्या बांधकामावर जपानी युद्धकैदी राबले. भिंतीवर तशी पाटी आहे, जपानीतही मजकूर आहे. आजूबाजूचं गाव १९६६ साली कोसळलं तरी हे थिएटर उभं राहिलं. आत सहा दालनं सहा प्रांतांच्या शैलीत, ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, फरगाना आणि तिरमिझ. चुन्यासारख्या गंचमधलं कोरीवकाम आहे आणि प्रत्येक प्रांताचा हात वेगळा दिसतो. तिकिटं आपल्याकडच्या मल्टिप्लेक्सच्या मानानेही महाग वाटली नाहीत. बॅले कळत नसला तरी मध्यंतरात दालनं बघायला म्हणून जा.

मेट्रोवर कुणीतरी जाणकार लिहीलच. तुम्ही काय पाहिलंत, काय टाळावं, तेही येऊ द्या.

खवट

धागा वाचनीय. पण खरं सांगू का पायपीटभाऊ, सोव्हिएत काँक्रीटचे ठोकळे बघायला पैसे आणि सुट्टी घालवून इतक्या लांब का जावं? आम्हाला टूरवाल्याने अर्धा दिवस दाखवलं तेवढ्यात पोट भरलं. तैमूरचा घोडा, घुमटाचं म्युझियम, ते पुस्तकासारखं हॉटेल. झालं की.

रुळांवरून

मेट्रोचं नाव काढलंत म्हणजे मला बोलावणंच.

६ नोव्हेंबर १९७७ ला सुरू झाली, मध्य आशियातली पहिली. भूकंपाचा अनुभव ताजा होता, त्यामुळे बांधकाम त्या हिशोबाने दणकट, आणि बऱ्याच मूळ स्थानकांना खांबांची दाट रांग. २०१८पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती. आता बिनधास्त काढा, पोलीसदादा ढुंकून बघत नाहीत. पिशवी मात्र दारात तपासतात.

एका तिकिटात जेवढं बघाल तेवढं तुमचं, बाहेर पडेपर्यंत पुन्हा पैसे नाहीत. माझी ठरलेली वाट: चोरसूला बसा. पुढचं गफूर गुलाम, हिरवट चिनी मातीचं काम. मग अलीशेर नवाई, हे घुमटांचं स्थानक. छतभर लहान-मोठे घुमट आणि भिंतींवर पंधराव्या शतकातल्या या कवीच्या काव्यांतले प्रसंग. तिथून जिन्याने पख्ताकोरला जाता येतं, तिथे भिंतींवर कापसाच्या बोंडांचं मोझाईक. कापसाच्या पायी अरल समुद्र आटवणाऱ्या देशाने कापसाचं देऊळ बांधावं, हे बघून गंमतही वाटते आणि नाहीही. परत नवाईला येऊन पुढे उझबेकिस्तान नावाचं स्थानक आणि त्यापुढे कोस्मोनावत्लार, म्हणजे अंतराळवीर.

या कोस्मोनावत्लारवर घाई करू नका. १९८४चं आहे. भिंती निळ्या, खालून वर रंग पालटत जाणाऱ्या, अवकाशात शिरल्यासारखं वाटावं म्हणून. गोल चौकटींत गागारिन, तेरेश्कोवा, इकडेच जन्मलेला जानिबेकोव, पंख लावलेला इकारस आणि समरकंदात वेधशाळा बांधणारा उलुगबेग. राजा आणि खगोलज्ञ असलेला तैमूरचा नातू या मंडळींत बसवलाय, हे मला फार आवडलं. लोक गाडी पकडायला धावत असतात आणि आपण खांबाला टेकून भिंत बघत असतो. कुणी हटकत नाही.

मुस्तकिल्लिक मैदोनी हे आधीचं लेनिन चौक स्थानक. झुंबरं आणि संगमरवर. वर येऊन स्वातंत्र्य चौकात गेलात की जिथे लेनिनचा प्रचंड पुतळा होता त्याच चौथऱ्यावर आता पृथ्वीचा गोल आहे, आणि त्या गोलावर देश एकच कोरलाय. कोणता ते सांगायला नको. :)

खवटसाहेब, तुमच्या टूरवाल्याने मेट्रो दाखवली का?

खवट

नाही. बसने नेलं. बरं, मुद्दा तुमचा.

साखरांबा

मी आणि सासूबाई दोघी शुद्ध शाकाहारी. त्या तर कांदा-लसूणही निम्माशिम्माच खातात. ताश्कंदात निभेल का? की डब्यात ठेपले, चिवडा घेऊनच जायचं? भारतीय हॉटेलात रोज जेवायला जीव नको म्हणतो.

चटकमटक

साखरांबाताई, निभेल, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. कबूल करू या, हा मांसाहाऱ्यांचा देश आहे.

चोरसू बाजारापासून सुरुवात करा. मोठा निळा घुमट, १९८० सालचा, लांबून सर्कशीसारखा दिसतो. आत तळाला मांसाचे गाळे आहेत, सासूबाईंना तिथून भराभर पुढे न्या. घोड्याच्या मांसाचं काझीदेखील तिथेच टांगलेलं असतं. वरच्या गोल सज्ज्यात सुकामेवा: जर्दाळू, बदाम, पिस्ते, मनुकांचे रंगच रंग. चव घेऊ देतात, आग्रहाने देतात, आणि चव घेऊन पुढे गेलात तर वाईटही वाटून घेत नाहीत. कुर्त म्हणून खारवलेल्या दह्याच्या सुक्या गोळ्या मिळतात. एक चाखून बघा, आवडलंच तर घ्या. कोशिंबिरींचे गाळे कोरियन वंशाच्या बायकांचे असतात. १९३७ साली स्टालिनने अतिपूर्वेकडून हजारो कोरियन कुटुंबं उचलून इकडे आणून टाकली, त्यांच्या लेकी-नाती आज इथे तिखट गाजराची कोशिंबीर विकतायत. ती घ्या, नानबरोबर झकास लागते.

नान बाहेर भट्ट्यांवर गरम घ्या. मधोमध ठसा मारलेला असतो. तो उलटा ठेवू नका, जमिनीवर तर नकोच, म्हाताऱ्या लगेच उचलून सरळ करतात.

सोम्सा म्हणजे तंदूरमधला सामोसा. भोपळ्याचा मिळतो, तोही गोडसर चांगला. पण विचारून घ्या, त्यात शेपटीची चरबी घालायची पद्धत आहे. वसंतात पालेभाजीचा सोम्सा येतो. अचिचुक म्हणजे टोमॅटो-कांद्याची पातळ चिरलेली कोशिंबीर, कांदा बाजूला सारा. घट्ट दही आणि साय मुबलक. उन्हाळ्यात चेरी आणि तुती, ऑगस्ट-सप्टेंबरात खरबुजं. बाबर हिंदुस्थानात आल्यावर इकडच्या खरबुजांच्या आठवणीने रडला होता, ते खाल्ल्यावर पटतं.

सूप मात्र टाळा. भाज्यांचं म्हणून दिलेलं सूपही मांसाच्या पाण्यातलंच असतं.

मांसाहारींसाठी: टीव्ही मनोऱ्याजवळ पलोवची, म्हणजे तिकडच्या पुलावाची, मोठी जागा आहे, बेश कोझोन. परातीपेक्षा मोठ्या कढया, पिवळी गाजरं, हरभरे, मनुका. दुपारी जा. पलोव तिकडे दुपारचं जेवण आहे, संध्याकाळी उरलंसुरलं मिळतं. गोमांस नको असेल तर 'मोल' म्हणजे गायबैल आणि 'कोय' म्हणजे मेंढी एवढं ध्यानात ठेवा. आणि काझीचे काप वरून पसरतात, नको असेल तर आधीच सांगा, ताटात आल्यावर सांगून उपयोग नाही.

साखरांबा

धन्यवाद, प्रतिसाद जपून ठेवला. सासूबाईंना वाचून दाखवला, घोड्याच्या ओळीवर हुं केलं फक्त. ठेपलेही नेणारच.

वाडा_ते_टॉवर

मी व्यवसायाने आर्किटेक्ट. खवट यांच्या 'ठोकळ्यां'वर बोलल्याशिवाय राहवत नाही.

ताश्कंदच्या सोव्हिएत इमारती मॉस्कोच्या नकला नाहीत. इथे जुलैत पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे वास्तुकारांनी दर्शनी भागावर काँक्रीटच्या जाळ्या चढवल्या, स्थानिक पंजरा नक्षीवरून उचललेल्या. ऊन अडतं, वारा येतो, आणि सावलीची नक्षी दिवसभर सरकत राहते. तुम्ही जे 'पुस्तकासारखं हॉटेल' म्हणता ते हॉटेल उझबेकिस्तान, १९७४. सबंध पुढचा भाग म्हणजे एक जाळी आहे. सकाळी आणि मावळतीला बघा, दोन वेगळ्या इमारती वाटतील. राहायचं की नाही हा निराळा प्रश्न, खोल्या जुनाट आहेत असं ऐकून आहे.

निवासी इमारतींच्या बिनखिडकीच्या बाजूच्या भिंतींवर मोझाईक दिसतील. त्यातली बरीच झार्स्की भावांनी केली. कारखान्यात तयार होणाऱ्या पॅनेलमध्येच नक्षी ओतायची, म्हणजे स्वस्तात आणि भराभर हजारो घरं उभी करतानाही प्रत्येक भिंतीला काहीतरी वेगळेपण द्यायचं. चिलोंझोर भागात नुसतं हिंडलं तरी सापडतात.

माझी सगळ्यात लाडकी इमारत झेमचुग, म्हणजे मोती. १९८५ची, सोळा मजली. वास्तुकार ओफेलिया आयदिनोवा. इकडच्या मोहल्ल्यात घरं सामायिक अंगणाभोवती असतात. तिने ते अंगण उचलून टॉवरात नेलं: दर तीन मजल्यांमागे एक मोकळा चौक, जिथे मुलं खेळतील, म्हाताऱ्या बसतील. आपल्याकडे पुनर्विकासात चाळ पाडून टॉवर बांधणाऱ्यांना कुणीतरी ही इमारत दाखवावी. आत लोक राहतात, तेव्हा परवानगीशिवाय घुसू नका. माझं नशीब बरं, एका आजीने हात धरून वर नेलं आणि वर चहाही पाजला.

वाईट याचं वाटतं की यातल्या कित्येक इमारती काचेच्या चकचकीत तावदानांखाली झाकल्या जातायत. बघायच्या तर लवकर बघा.

आजोबा_सातारकर

मंडळी, धागा इतका लांबला आणि शास्त्रीजींचं नाव कुणी काढलं नाही, याचं नवल वाटतं. आमच्या पिढीला ताश्कंद म्हटलं की दुसरं काही आठवत नाही.

१० जानेवारी १९६६ ला लालबहादूर शास्त्री आणि पाकिस्तानचे अयूबखान यांनी करारावर सह्या केल्या, मध्यस्थ सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन. त्याच रात्री, म्हणजे ११ तारखेच्या उत्तररात्री शास्त्रीजी गेले. मी तेव्हा शाळेत. रेडिओवर बातमी आली आणि शाळा सुटली. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून त्या शिष्टमंडळात ताश्कंदलाच होते. युद्ध त्यांच्या कारकिर्दीत लढलं गेलं आणि हा घावही त्यांना तिथेच सोसावा लागला. पार्थिव विमानाकडे नेताना कोसिगिन आणि अयूबखान यांनी खांदा दिला होता. महिन्यांपूर्वी ज्याच्याशी युद्ध, त्याच्या खांद्यावर.

ताश्कंदात शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे, तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे, एका शाळेलाही त्यांचं नाव आहे. भारतीय सांस्कृतिक केंद्रालाही. मुलाने मला हट्टाने नेलं होतं. पुतळ्याची जागा साधी आहे, झाडांत. टूरच्या यादीत असेल तर उत्तम, नसेल तर टॅक्सीवाल्याला 'शास्त्री कुचासी' सांगा, नेतो. सोबतच्या टॅक्सीवाल्याला राज कपूरची गाणी सबंध पाठ होती, मला कडवी आठवेनात, तो म्हणत होता आणि मी मान डोलावत होतो.

इतिहासवेडा

आजोबा, नमस्कार. भारताचे आणखी दोन धागे सांगतो, टूरवाले हे कधीच दाखवत नाहीत.

पहिला: १७ ऑक्टोबर १९२० ला मानवेंद्रनाथ रॉय आणि सोबत्यांनी भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली ती ताश्कंदात. पक्षाचा जन्म ताश्कंद १९२०चा की कानपूर १९२५चा यावर दोन कम्युनिस्ट पक्षांत आजही एकमत नाही.

दुसरा मला जास्त भावतो. शेखंतऊर भागात युनूसखानाची कबर आहे. हा मोगलिस्तानचा खान, मृत्यू १४८७, बाबराच्या आईचा बाप. म्हणजे बाबराचं आजोळ ताश्कंद. त्या कबरीपासून वंश मोजत निघालात की हुमायून, अकबर, जहांगीर, शाहजहान करत तुम्ही थेट आपल्या खुलताबादला, औरंगजेबाच्या उघड्या थडग्यापाशी पोचता. जागा विद्यापीठाच्या आवारात आहे, फाटकावर जरा गोड बोलावं लागतं. शेजारीच कल्दिर्गाच-बी नावाच्या सरदाराची शंकूसारख्या छताची कबर, तीही बघून घ्या.

इतिहास संग्रहालयात फयाजतेपे इथे सापडलेली कुषाणकाळातली बुद्धमूर्ती आहे. कमानीखाली बुद्ध आणि दोन बाजूंना दोन भिक्षू. तिरमिझजवळ बौद्ध विहार होते हे आपण पुस्तकात वाचून विसरतो, तिथे समोर येतं. इमारत पूर्वी लेनिन संग्रहालय होती.

हजरती इमाम परिसराचं कुणी लिहिलं नाही अजून. खलिफा उस्मान यांची म्हणून मानली जाणारी कुराणाची प्रत ताश्कंदात आहे. हरणाच्या कातड्याची पानं, कुफी लिपी. श्रद्धा अशी की हे पठण चालू असतानाच उस्मान यांची हत्या झाली. अभ्यासक प्रत नंतरची, आठव्या शतकाच्या आसपासची मानतात. रशियनांनी समरकंद घेतल्यावर १८६९ साली ती सेंट पीटर्सबर्गला नेली. क्रांतीनंतर लेनिनने मुसलमानांच्या स्वाधीन केली आणि १९२४ साली ताश्कंदला आली. समरकंदला बीबी खानमच्या अंगणात जी दगडी ग्रंथपीठिका दिसते ती अशाच भल्याथोरल्या प्रतीसाठी. ताश्कंदला ग्रंथ आणि समरकंदला ठवणी, असा क्रम लावला तर दोन्ही शहरं नीट जुळतात. शेजारी इस्लामी संस्कृतीचं नवं अवाढव्य केंद्र उभं केलंय, तेव्हा प्रत नेमकी कुठल्या इमारतीत बघायला ठेवलीय ते जाण्याआधी हॉटेलात विचारून घ्या.

कट्टर_मावळा

सगळे तैमूरच्या पुतळ्यापुढे फोटो काढतात, याची लाज कशी वाटत नाही? १३९८ साली दिल्लीत काय केलं त्याने ते वाचा जरा.

इतिहासवेडा

वाचलंय. त्यांच्या देशात तो राष्ट्रपुरुष आहे, आपल्यासाठी दिल्ली लुटणारा आहे, दोन्ही एकाच वेळी खरं. फोटो काढायची सक्ती नाही. पण त्या चौथऱ्याची गोष्ट ऐका. आधी तिथे ताश्कंद जिंकणाऱ्या रशियनांचा गव्हर्नर-जनरल कौफमान होता, मग स्टालिन आला, मग कार्ल मार्क्सचं डोकं, आणि १९९३पासून घोड्यावरचा तैमूर. ज्याची सत्ता त्याचा पुतळा. मध्यंतरी भोवतालचे जुने डेरेदार चिनार २००९ साली तोडले, त्याचं दुःख ताश्कंदकर अजून काढतात. मला विचाराल तर पुतळ्यांच्या अदलाबदलीपेक्षा त्या सावलीचं जाणं जास्त लागलं.

खवट

इथे माझं आणि इतिहासवेड्याचं पहिल्यांदाच एकमत झालंय, नोंद घ्यावी.

थेंबथेंब

एक न आवडणारी गोष्ट लिहिते. आपल्याकडच्या काही टूरवाल्यांनी ताश्कंद 'पुरुषांच्या सहली'चं गाव म्हणून विकलंय. विमानात एक कंपू असा भेटला, की त्यांच्या गप्पा ऐकून मी आणि मैत्रिणीने जागा बदलून मागितल्या. त्याचा चटका मग आपल्यालाही बसतो. एका रेस्तराँत आम्ही भारतीय म्हटल्यावर बाईचा चेहरा क्षणभर आवळला. नंतर बोलता बोलता सैल झाली आणि तिनेच कारण सांगितलं.

बाकी एकट्यादुकट्या बाईने फिरायला मला हे शहर फार सोपं वाटलं. रात्री नऊला बागांतून कुटुंबं, आइस्क्रीम, पोरांच्या सायकली. मेट्रोत म्हातारं माणूस चढलं की तरुण पोरं तटकन उठतात, सांगावं लागत नाही. टॅक्सी यांडेक्स ॲपनेच बोलवा, भावाची घासाघीस वाचते.

आणि एक पुतळा सुचवते. लोकमैत्री प्रासादासमोर शामहमूदोव कुटुंबाचं स्मारक आहे. लोहार शाअहमद आणि त्याची बायको बाहरी यांनी महायुद्धाच्या काळात पंधरा अनाथ मुलं घरात घेतली, वेगवेगळ्या वंशांची. ताश्कंदला तेव्हा आघाडीवरून निर्वासितांच्या गाड्याच्या गाड्या येत होत्या. मधे काही वर्षं हे स्मारक गावाबाहेर हलवलं होतं, लोकांना रुचलं नाही, आता परत मूळ जागी आहे. तैमूरच्या घोड्यासमोर घालवायचा वेळ इथे घालवा.

वाडा_ते_टॉवर

+१. आणि टीव्ही मनोऱ्याला जाणार असाल (३७५ मीटर, १९८५) तर समोर कालव्याकाठी दडपशाहीच्या बळींचं स्मारक आणि संग्रहालय आहे, ते चुकवू नका. स्टालिनच्या काळात या भागात माणसं मारून पुरली गेली. कादिरी, चोल्पोन, फितरत, आधुनिक उझबेक साहित्याची सगळी पहिली फळी ऑक्टोबर १९३८मध्ये एका रात्रीत गोळ्या घालून संपवली. मनोऱ्यावरून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा हे संग्रहालय लक्षात राहतं.

रुळांवरून

पुढच्या प्रवासाचं: आफ्रोसियोब ही स्पॅनिश बनावटीची वेगवान गाडी, समरकंदला साधारण सव्वादोन तासांत. तिकिटं खूप आधी संपतात, विशेषतः एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. विक्री खुली झाली की लगेच घ्या. नाही मिळालं तर शार्क नावाची साधी गाडी आहे, तासभर जास्त लागतो आणि खिडकीबाहेरचं नीट दिसतं. पारपत्र दाखवल्याशिवाय स्थानकाच्या आवारातही सोडत नाहीत.

नवखा_प्रवासी

व्हिसा आणि पैशांचं कुणी सांगेल का? आणि लहान मुलांना काय दाखवायचं?

पायपीट

व्हिसा ऑनलाइन मिळतो, सरकारी संकेतस्थळावरूनच भरा, मधला दलाल नको. एकाच प्रवेशाच्या व्हिसाची फी २० डॉलर होती. हॉटेल तुमची नोंद पोलिसांकडे आपोआप करतं. पण कुणाचं घर भाड्याने घेतलंत तर मालकाकडून नोंद करून घ्या आणि त्याची चिठ्ठी परत निघेपर्यंत सांभाळा. दिल्लीहून थेट उड्डाण तीनेक तासांचं. पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाल्यावर २०२५च्या एप्रिलअखेरीस भारतीय कंपनीने आपली उड्डाणं थांबवली होती, त्यामुळे तिकीट काढताना आजची परिस्थिती बघा. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे.

पैसे: डॉलर न्या, कोऱ्या करकरीत नोटा. दहा हजार सोम म्हणजे सत्तर-ऐंशी रुपये धरून चाला. पहिल्या दिवशी खिशात लाखो असतात आणि चहा पिताना उगाच धडधडतं. शंभर डॉलर एकदम बदलून घेऊ नका, गठ्ठा सांभाळत बसाल.

मुलांना: मेट्रो. त्याशिवाय 'मॅजिक सिटी' नावाचं खोट्या किल्ल्यांचं उद्यान आहे, मुलं खूश होतात, मला दहा मिनिटांत कंटाळा आला. रविवार असेल तर यांगिआबादचा जुना बाजार: सोव्हिएत बिल्ले, कॅमेरे, समोवार, तुटक्या बाहुल्या. मोठी मुलं रमतात.

गियर_बदल

विज्ञानवेड्या मुलांसाठी याहून भारी जागा आहे आणि कुणीच लिहिली नाही. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, पारकेंतजवळच्या डोंगरात सौरभट्टी आहे. ऐंशीच्या दशकात सोव्हिएत संघाने बांधली. टेकडीवर ६२ मोठे आरसे, सूर्याबरोबर फिरणारे. ते ऊन समोरच्या बहुमजली अंतर्गोल आरशावर टाकतात, आणि तो सगळा उजेड एका बिंदूवर आणतो. तापमान ३००० अंशांपर्यंत जातं, लोखंड लोण्यासारखं. या आकाराची दुसरी भट्टी फ्रान्समध्ये आहे. ही अजून संशोधनसंस्था आहे, त्यामुळे जाण्याआधी फोन करून घ्या. ढगाळ दिवशी जाऊन काही उपयोग नाही. आतला काचेचा झुंबरवजा तुकडा खास बघण्यासारखा आहे.

तिकडून चिमगानचे डोंगर आणि चारवाक तलाव वेगळ्या दिशेला पडतात, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. चारवाकचं पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं.

इतिहासवेडा

जाता जाता एक लफडं. शहराच्या मध्यभागी १८९१चा एक सुबक वाडा दिसेल, दारात कांस्याची हरणं. रशियाच्या झारचा पुतण्या निकोलाय कोन्स्तांतिनोविच याचा. आईच्या देवाच्या तसबिरीतले हिरे एका अमेरिकन नर्तकीच्या नादाने चोरल्याचा आळ आला, घराण्याने वेडा ठरवून हाकललं आणि शेवटी ताश्कंदला धाडलं. इथे या गृहस्थाने पदरच्या पैशांनी कालवे खणून माळरान ओलिताखाली आणलं. आत जाऊ देत नाहीत, सरकारी पाहुण्यांसाठी राखलंय.

साखरांबा

सासूबाईंचा निरोप: शास्त्रीजींच्या पुतळ्याला हार घालायचा तर फुलं कुठे मिळतील?

आजोबा_सातारकर

हार मिळणार नाही, सुट्टी फुलं मिळतात. अलाय बाजारात ताजी असतात, येताना वाटेवर टॅक्सी थांबवून घ्या. संख्या विषम ठेवा हो, सम फुलं तिकडे मयताला वाहतात. तसं इथे दोन्ही चालेल म्हणा.